कार्डाच्या कोपऱ्यातलं नाव

डेबिट कार्डावर बँकेशिवाय आणखी एक नाव असतं: व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे. पैसे तुमच्याच खात्यातून जातात; व्यवहार कोणाच्या जाळ्यातून होणार, ते हे नाव सांगतं. रुपे हे देशी जाळं नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं २०१२ मध्ये सुरू केलं. जनधन खात्याला हेच कार्ड मिळतं. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या जनधन खात्यांना त्यावर २ लाखांचा अपघात विमा आहे, पण अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं हवं. ही अट घरातल्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवी. वायफायसारखी खूण असलेलं कार्ड नुसतं टेकवून ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय चालतं. ते हरवलं, तर आधी बँकेला कळवून बंद करा.