औषधांना न जुमानणारे जंतू – लेखांक ७ : ढाल शाबूत, औषध निकामी

औषध पेशीबाहेर फेकणारे पंप आणि औषधाचे तुकडे करणारी एन्झाइम्स आपण गेल्या दोन लेखांकांत पाहिली. आजचा प्रकार मला त्याहून अधिक चक्रावून टाकणारा वाटतो. इथे जंतूचं रक्षण करणारं एन्झाइमच औषधाला धार लावून देतं.

क्षयाचा जंतू फुप्फुसातल्या भक्षक पेशींच्या पोटात मुक्काम ठोकतो. त्याला मारायला त्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी रसायनं सोडतात. जंतूकडे त्यावर कॅटजी नावाचं एन्झाइम असतं; ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. १९५२ पासून वापरात असलेलं आयसोनियाझिड हे क्षयावरचं औषध याच कॅटजीवर विसंबून आहे. गोळीतलं आयसोनियाझिड आपण होऊन जंतूला फारसं काही करत नाही. कॅटजीमुळे त्याचं रूप पालटलं, की ते पेशीतल्या एनएडी या रेणूला जोडलं जातं, आणि ही जोडी इन्हए हे दुसरं एन्झाइम बंद पाडते. मग जंतूच्या भिंतीला लागणारं मायकोलिक आम्ल तयार होत नाही.

मग कॅटजीच नसलं तर? क्षयजंतूंवर पेरॉक्साइड टाकलं की एरवी फेस येतो. आयसोनियाझिडला दाद न देणाऱ्या कित्येक जंतूंवर तो येत नाही, हे गार्डनर मिडलब्रुक यांनी १९५४ साली अमेरिकेत नोंदवलं. असे जंतू गिनीपिगमध्येही दुबळे ठरत होते. औषधापासून सुटका झाली, पण ढाल गेली. यामागचं जनुक यिंग झांग, स्टुअर्ट कोल आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं.

गोष्ट इथंच थांबली असती तर किती बरं झालं असतं! पण रुग्णांमध्ये सर्वाधिक आढळणारा बदल वेगळाच आहे. कॅटजीच्या साखळीत ७४० अमिनो आम्लं असतात. त्यातल्या ३१५ व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनीन येतं. जनुकातलं एक अक्षर बदललं की झालं. थ्रिओनीनवर एक मिथिल गट जास्त असतो, त्यामुळे एन्झाइमच्या गाभ्याकडे जाणारी वाट अरुंद होते. पेरॉक्साइडचा रेणू चिमुकला, तो तरीही आत जातो. आयसोनियाझिडचा मोठा, तो अडखळतो. म्हणजे औषध निकामी आणि ढाल बरीचशी शाबूत. असा जंतू दुबळा होत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे पसरतो. जंतू हे ठरवून करत नाही, हे पुन्हा सांगायला हवं. असंख्य जंतूंमध्ये आपोआप घडणाऱ्या चुकांतून एखादी अशी निघते आणि अर्धवट उपचार तिला मोकळं रान देतात.

कॅटजी पुरतं गमावलेल्या काही जंतूंनीही तोडगा काढलेला दिसतो. एएचपीसी हे पेरॉक्साइड निकामी करणारं दुसरं एन्झाइम ते जास्त बनवतात.

रुग्णाच्या दृष्टीनं कळीचा मुद्दा तपासणीचा. आपल्याकडे सीबीनॅट या चाचणीच्या नेहमीच्या कार्ट्रिजवर क्षयाचं निदान आणि रिफाम्पिसिन या क्षयावरच्या दुसऱ्या औषधाचा प्रतिरोध एवढंच कळतं. ३१५ व्या जागेतला बदल दाखवते ती लाइन प्रोब ॲसे, म्हणजे एलपीए चाचणी. सीबीनॅटवर ‘रिफाम्पिसिन चालतं’ असं आलं म्हणून आयसोनियाझिडही चालेलच असं नाही. ते चालत नसताना नेहमीचाच कोर्स सुरू राहिला, तर उरलेल्या औषधांवर भार येतो आणि रिफाम्पिसिनही हातचं जाण्याचा धोका वाढतो. म्हणून एलपीए झाली का, अहवालात आयसोनियाझिडपुढे काय लिहिलंय, हे रुग्णाच्या घरच्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. प्रतिरोध आढळला तर लेव्होफ्लॉक्सॅसिन असलेला सहा महिन्यांचा वेगळा उपचार उपलब्ध आहे.