घरच्या डिस्कवरची खतावणी

बिटकॉइनच्या जाळ्याला मुख्य कचेरी नाही. जगभरातले हजारो संगणक एकच खतावणी आपापल्या डिस्कवर ठेवतात आणि तिच्यात पडणारी प्रत्येक नवी नोंद स्वतः तपासून घेतात. अशा संगणकाला नोड म्हणतात. खतावणीचे नवे पान, म्हणजे ब्लॉक, तयार करणारे मायनर वेगळे, आणि बिटकॉइनचा मोबदलाही त्यांनाच मिळतो. नोड चालवणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, तरी जाळ्याचे नियम त्याच्याच तपासणीवर उभे आहेत.

१५ ऑगस्ट २०१० रोजी ही तपासणी एकदा चुकली. ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमधल्या एका व्यवहाराने १८४ अब्जांहून अधिक बिटकॉइन जन्माला घातले. नियमानुसार सारे मिळून २ कोटी १० लाखांच्या पलीकडे ते जाऊच शकत नाहीत. दोन प्रचंड रकमांची बेरीज प्रोग्रॅमच्या मर्यादेबाहेर जाऊन उणे आली आणि नजरेतून निसटली. काही तासांत दुरुस्त आवृत्ती आली. ती बसवलेल्या नोडांनी तो ब्लॉक नाकारला, त्याच्या आधीच्या पानापासून ब्लॉकांची नवी साखळी वाढत गेली आणि ती जुनीच्या पुढे जाताच ते बिटकॉइन खतावणीतून पुसले गेले.

नोडसाठी बहुतेक जण बिटकॉइन कोअर हा मुक्त प्रोग्रॅम वापरतात. ३ जानेवारी २००९ चा पहिला ब्लॉक त्यात आधीच लिहिलेला असतो. प्रोग्रॅम ठरावीक सर्व्हरांकडून इतर नोडांचे पत्ते मिळवतो, आधी ब्लॉकांचे ८० बाइटचे मथळे उतरवतो, मग पूर्ण ब्लॉक. खतावणी आता ६०० जीबीच्या पुढे गेली आहे. तपासताना न खर्चलेल्या नाण्यांच्या नोंदी डिस्कभर शोधाव्या लागतात, म्हणून फिरत्या हार्ड डिस्कवर हे काम फार रेंगाळते. एसएसडीला पर्याय नाही असेच म्हणावे लागेल. जागा कमी असेल तर तपासून झालेले जुने ब्लॉक टाकून देता येतात. तेव्हा ब्लॉकसाठी ५५० एमबी इतकी किमान मर्यादा ठेवता येते. असा नोड नव्या नोंदी तितक्याच काटेकोरपणे तपासतो, फक्त नवख्या नोडला जुना इतिहास पुरवू शकत नाही.

एकदा नोड साखळीच्या टोकाला पोचला की खरी देखरेख सुरू होते. लॉग फाइलमध्ये प्रत्येक नव्या ब्लॉकला ‘अपडेटटिप’ने सुरू होणारी ओळ उमटते; तिच्यात ब्लॉकचा हॅश (त्याची ओळखखूण), उंची (साखळीतला क्रमांक) आणि वेळ असते. ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, पण ही केवळ सरासरी आहे. अर्ध्या तासाचा खंड दिवसातून अनेकदा पडतो. दोन तास नवी ओळच आली नाही तर मात्र आधी इंटरनेट आणि मग संगणकाचे घड्याळ पाहावे. स्वतःच्या घड्याळापेक्षा दोन तासांहून पुढची वेळ असलेला ब्लॉक नोड नाकारतो. त्यामुळे घड्याळ तेवढे मागे पडले, तर खरे ब्लॉकही दाराबाहेरच राहतात.

पुढचा प्रश्न शेजाऱ्यांचा. नोड स्वतःहून साधारण १० जोडण्या करतो. त्यांपैकी ८ जोडण्यांवरून व्यवहार आणि ब्लॉक दोन्ही येतात, २ फक्त ब्लॉकसाठी असतात. हे सारे शेजारी एकाच हल्लेखोराचे असले, तर तो नोडला जाळ्यापासून तोडून खोटे चित्र दाखवू शकतो. म्हणून प्रोग्रॅम वेगवेगळ्या नेटवर्कमधले पत्ते निवडतो. त्यात कुणी हाताने ढवळाढवळ न करणे बरे. बाहेरून येणाऱ्या जोडण्या शून्यच दिसत असतील, तर बहुधा राउटरवरचे ८३३३ हे पोर्ट बंद असते. ते उघडले की जाळ्याला आणखी एक दार मिळते. शेजारचे ८३३२ मात्र इंटरनेटला कधीही उघडू नये, कारण नोडला हुकूम त्याच दाराने दिले जातात.