रक्त थांबवणारे बिंबाणू

श्रोतेहो, कापणीच्या दिवसांत विळा बोटाला लागला नाही असा शेतकरी विरळाच. रक्त येते, आपण बोट घट्ट दाबून धरतो आणि थोड्या वेळात ते थांबते. पण ते थांबवतो कोण, असा विचार कधी मनात आला आहे का?

रक्त तांबडे दिसते, म्हणून ते एकच द्रव्य आहे असे समजू नका. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यात निम्म्याहून थोडा अधिक भाग पिवळसर पाण्यासारखा असतो. हा रक्तद्रव. अन्नरस, क्षार आणि प्रथिने तो वाहून नेतो. त्यात तरंगणाऱ्या तांबड्या पेशी प्राणवायू पोचवतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी झुंजतात. तिसरे आहेत बिंबाणू, म्हणजे डॉक्टर ज्यांना ‘प्लेटलेट’ म्हणतात ते. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये ते दीड ते साडेचार लाख असतात. हाडांच्या मगजात ते तयार होतात आणि आठ-दहा दिवस जगतात. रक्त थांबवण्यात त्यांचा हात आहे, हे १८८२ साली इटलीच्या बिझोझेरो या शास्त्रज्ञाने दाखवून दिले.

आता त्यांचे काम पाहा. रक्तवाहिनी कापली, की शेताचा बांध फुटल्यासारखे होते. वाहिनी आकसते. बिंबाणू फाटलेल्या कडेला चिकटतात, इतर बिंबाणूंना बोलावून घेतात आणि भगदाडात बोळा बसवतात. पण नुसत्या ढेकळांनी बांध टिकतो का? त्यात काटक्या, पाचट घालावे लागते. ते रक्तद्रव पुरवतो. त्यातील एका विरघळलेल्या प्रथिनाचे चिवट तंतू होतात, त्यांचे जाळे विणले जाते आणि पक्की गुठळी होते. एकट्याचे हे काम नव्हे, बरे का!

हे सांगण्याचे कारण डेंग्यू. या तापात बिंबाणू कमी होतात, हे आता खेडोपाडी ठाऊक झाले आहे. घरची माणसे रोज तो एकच आकडा विचारतात. पण खरा धोका पुष्कळदा दुसरीकडे असतो. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपू लागतो, उरलेले रक्त दाट होते आणि रक्तदाब खाली येतो. हे बहुधा ताप उतरू लागतो तेव्हाच घडते. आपण म्हणतो, ‘ताप गेला, पोर सुटले’. आणि जपायची वेळ तर तीच असते. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, काळी शौचास, हातपाय गार पडणे, ग्लानी किंवा तळमळ, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा.

आणखी एक. अंग ठणकते म्हणून दुकानातून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी आणून देऊ नका. ॲस्पिरिनने उरलेले बिंबाणूही निकामी होतात. हृदयविकारासाठी ती गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. तापाला पॅरासिटामॉल चालते, पण तेही डॉक्टर सांगतील तेवढेच. पाणी, पेज, ताक थोडे थोडे देत राहा. बिंबाणू बाहेरून द्यायचे की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या. आकडा उतरला म्हणून प्रत्येकाला ते लागतातच असे नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. बांधाचे हे चित्र फळ्यावर काढून दाखवा. आठवड्यातून एक दिवस मुलांना घरचे रांजण, हौद, पिंपे रिकामी करून घासायला सांगा, कारण डेंग्यूचा डास बहुधा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. रक्ताचा बांध बिंबाणू राखतील. डासाला आपण घराबाहेरच रोखू या.