घराच्या माथ्यावरील ऊन

घरातील उष्म्याचा दोष आपण वाऱ्याला देतो, खिडक्यांना देतो, प्रसंगी ऋतूलाही देतो. माथ्यावरील छपराकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि सर्वाधिक ऊन भिंतींवर नव्हे, तर छपरावर पडते. छप्पर निवले तर घर निवते. ही गोष्ट नीट ध्यानी यावी म्हणून आज आम्ही वाचकांना इंदूर शहरातील तुकोगंज या वस्तीत नेत आहोत.

तुकोजीराव होळकरांचे नाव धारण करणारी ही वस्ती मराठी कुटुंबांच्या जुन्या परिचयाची आहे. माळव्याच्या पठारावरील रात्री शीतलतेबद्दल प्रसिद्ध होत्या. ‘शब-ए-मालवा’ हा शब्दप्रयोग त्यावरूनच रूढ झाला. परंतु सिमेंटची गच्ची दिवसभर ऊन पिते व रात्री ते ओकते. बाहेर झुळूक वाहत असली तरी वरच्या मजल्यावरील माणसे तळमळत राहतात. ज्यांना परवडते ते वातानुकूलन यंत्र बसवितात. पण ते यंत्र घरातील उष्णता गल्लीत लोटते, आणि शेजारी पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराची रात्र अधिकच जड होते.

आता थोडा हिशेब पाहू. स्वच्छ दुपारी एका चौरस मीटर छपरावर सुमारे १ किलोवॅट इतके ऊन पडते. म्हणजे ५० चौरस मीटरच्या गच्चीवर ५० किलोवॅट. करड्या सिमेंटची गच्ची त्यातील तीस टक्क्यांच्या आसपास परत फेकते, तर नवा पांढरा लेप सत्तर टक्क्यांच्या आसपास. या दोहोंतील अंतर २० किलोवॅटचे झाले. कपड्यांच्या वीस विजेच्या इस्त्र्या एकाच वेळी गच्चीवर तापत ठेवाव्यात, तेवढी ही उष्णता! ती सारीच खाली उतरत नाही, बरीचशी हवेत जाते. तरीही पांढऱ्या लेपाने खालच्या खोलीचे तापमान साधारणतः २ ते ५ अंशांनी उतरते. वीज तर वाचतेच. परंतु ज्याच्या घरी यंत्र नाही, त्याचाच लाभ मोठा.

हे अंश क्षुल्लक नव्हेत. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाल्याचे अभ्यासकांनी दाखविले. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाची योजना आखली आणि पुढे गरिबांच्या वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. इंदूर व सुरत येथेही गेल्या दशकाच्या आरंभी ‘तरू’ या संस्थेने थंड छपरांचे प्रयोग केले.

कोणी विचारील, पांढऱ्या लेपाऐवजी गच्चीवर हिरवळच का लावू नये? हिरवळ खरोखर गुणकारी आहे. माती उन्हाला अडविते, आणि पानांतून वाफ होऊन जाणारे पाणी उष्णता सोबत नेते. परंतु ओली माती जड असते. ५० चौरस मीटरवर अवघा १५ सेंटिमीटरचा थर घातला तरी १२ ते १५ टन भार होतो. अभियंत्याला दाखविल्यावाचून जुन्या गच्चीवर असे ओझे घालणे म्हणजे संकटाला आमंत्रण. शिवाय पाणी कोठले? इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ पासून सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून विजेच्या पंपांनी चढवून आणावे लागते. त्या विजेचा भार हलका व्हावा म्हणून महानगरपालिकेने २०२३ मध्ये सौरऊर्जा प्रकल्पासाठी २४४ कोटी रुपयांचे रोखे काढले. इतक्या सायासाने आलेले पिण्याचे पाणी गच्चीवर शिंपणे शहाणपणाचे नव्हे. घरातील धुण्याविसळण्याचे पाणी गाळून वापरता येत असेल आणि गच्ची मजबूत असेल, तर हिरवळ अवश्य करावी. एरवी पांढरा लेपच बरा.

आमच्या गावांतील वाचकांनी हे ध्यानी घ्यावे. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, म्हणून कौलारू घराची चिंता थोडी. स्लॅबच्या घराला मात्र चुन्याचे दोन हात पुरतात. गच्ची स्वच्छ झाडून धुवावी, भेगा बुजवाव्यात आणि गाळलेल्या चुन्यात सरस मिसळून ऊन उतरल्यावर तो लावावा. कळीचा चुना भिजविताना उकळतो व डोळ्यांत उडतो. तेव्हा मुलांना दूर ठेवावे. पत्र्यावर चुना टिकत नाही. त्यासाठी गंज खरवडून ऊन परतविणारा पांढरा रंग द्यावा. नुसता चकचकीत पत्रा पुरेसा नाही: तो ऊन परतवितो खरा, पण शोषलेली उष्णता सहजी सोडत नाही. धुळीने लेप मळतो आणि पावसाने चुना धुपतो, म्हणून हे काम दरवर्षी करावे. गच्चीवरील पाणी साठवीत असाल, तर पहिल्या पावसाचे पाणी वाहू द्यावे.

पास्काच्या सणापूर्वी भिंतींना चुना देण्याची चाल आपल्या अनेक घरांत आहे. तो सण उन्हाळ्याच्या तोंडावरच येतो. यंदा भिंतींबरोबर माथ्यालाही दोन हात द्यावेत. आणि बादलीत चुना उरलाच, तर शेजारच्या विधवेची किंवा वृद्धाची गच्ची आठवावी.