‘इंग्लिश’ बाटलीची पारख

मैत्रिणींनो, पारख करणं हा तर आपल्या हातचा मळ! गुळाची ढेप घेताना आपण टवका काढून जिभेवर ठेवतो, खारट लागला की पुढचं दुकान. सांगलीची हळद बोटावर चोळून वास घेतो. दूध नासायला आलंय हे तर स्वयंपाकघराच्या दारातूनच कळतं. पण ज्या बाटलीनं कितीतरी घरांची राखरांगोळी केली, तिच्यात असतं तरी काय, हे आपण कधी पारखून बघितलंय? चव घेऊन नव्हे हो, माहिती घेऊन!

हे सगळं मनात आलं ते बचत गटाच्या एका बैठकीत. वाळवा तालुक्यातली एक बाई अगदी मान वर करून म्हणाली, “ताई, आमचे मालक देशी नाही घेत, इंग्लिश घेतात.” दुसरी लगेच गप्प झाली, कारण तिचा नवरा देशीवाला. म्हणजे दारूतही उच्च-नीच आहेच! मग म्हटलं, या ‘इंग्लिश’चा छडाच लावूया. वाचनालयातून पुस्तकं आणली, अमेरिकेतल्या भाच्याला फोन केले.

त्यानं सांगितलं ‘राय’ व्हिस्कीबद्दल. राय म्हणजे आपली फोडणीतली राई नव्हे. गव्हाच्या जातकुळीतलं, थंड मुलखात पिकणारं हे धान्य. युरोपात त्याचा काळपट पाव करतात. अमेरिकेत कायदाच आहे, की ‘राय व्हिस्की’ म्हणून विकायची तर धान्यात निदान 51 टक्के राय हवी. शिवाय ती आतून जाळून कोळसा केलेल्या ओकच्या कोऱ्या पिंपात ठेवायची. बरणीत लोणचं मुरतं तशी ती पिंपात मुरते. रंग आणि बराचसा वास त्या लाकडातून येतो.

या दारूचं परीक्षणही होतं, आपल्या पाककला स्पर्धेसारखं. तोंडाशी निमुळता ग्लास घेतात, म्हणजे वास कोंडून राहतो. आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा. थोडं पाणी घालून पुन्हा वास. मग छोटा घोट जिभेवर घोळवायचा. रायची चव म्हणे मिरी-लवंगेसारखी जरा तिखट लागते. जिम मरे नावाचे इंग्रज समीक्षक वास, चव, मागे रेंगाळणारी चव आणि समतोल यांना 25-25 असे शंभरपैकी गुण देतात. त्यांच्या 2016च्या पुस्तकात कॅनडाची एक राय व्हिस्की जगात पहिली ठरली. त्याआधी 2010च्या पुस्तकात बंगळूरच्या ‘अमृत’ कंपनीची एक व्हिस्की तिसरी होती. या धंद्यात बायकाही मोठ्या हुद्द्यावर आहेत. स्कॉटलंडच्या ‘ड्यूअर्स’ची मुख्य मिश्रणकार 2006पासून एक बाईच आहे, स्टेफनी मॅक्लिऑड.

पण मला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दिवसात वीस-पंचवीस नमुने तपासायचे तर घोट गिळून कसं चालेल? ते घोट थुंकून टाकतात! मिश्रणकार तर बहुतेक काम नुसत्या नाकानं करतात. प्यायला लागला की पारख संपली, हे त्या धंद्यातल्या जाणत्यांनाच पक्कं ठाऊक आहे.

आता आपल्याकडे या. आपल्या देशात ‘व्हिस्की’ म्हणून खपणाऱ्या स्वस्त बाटल्यांत धान्य नावालाच असतं. बहुतांश असतो तो मळीचा मद्यार्क. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा चिकट पाक. सातारा-सांगलीत कृष्णाकाठी साखर कारखान्यांना काय तोटा? मळीपासून मद्यार्क होतो, त्यातला काही पेट्रोलमध्ये मिसळायला जातो, काही औषधांना आणि काही बाटलीत. अशा मळीच्या दारूला युरोपात ‘व्हिस्की’ म्हणून विकायला कायद्यानं बंदी आहे. तिथं धान्याचीच आणि किमान तीन वर्षं मुरलेली लागते.

आणि देशी? तीही मळीच्याच मद्यार्काची! म्हणजे मालकांची इंग्लिश आणि शेजारणीच्या नवऱ्याची देशी, दोघी सख्ख्या बहिणी. एकीला रंग आणि सुगंध लावून नटवलंय, एवढंच. इंग्लिशच्या लेबलवर 42.8 टक्के असा आकडा असतो. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये जवळजवळ 77 मिली निव्वळ अल्कोहोल! ते महागड्या बाटलीतून आलं काय नि स्वस्त बाटलीतून आलं काय, यकृताला दोन्ही सारखंच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली स्पष्ट सांगितलं, की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही.

शिवाय एक गोष्ट तर कुठल्याही पारख्याच्या जिभेला कळत नाही. हातभट्टीत किंवा बनावट दारूत मिथेनॉल मिसळलं, तर चवीवरून ते ओळखू येत नाही. जून 2015मध्ये मुंबईत मालवणीला अशाच दारूनं शंभरावर माणसं गेली. दारूनंतर कुणाला अंधुक दिसू लागलं, पोटात कळा, उलट्या, धाप सुरू झाली, तर ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणून झोपवू नका. तडक दवाखान्यात न्या.

मग आपण बायकांनी पारख करून निकाल कुठं द्यायचा? त्यासाठी कायद्यानं कागद हातात दिलाय. उभी बाटली, आडवी बाटली! महाराष्ट्र शासनाच्या 2008च्या आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर गुप्त मतदान घेतात. पण खरी मेख पुढे आहे. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात, तीही आलेल्या बायकांच्या निम्मी नव्हे, तर यादीतल्या सगळ्या बायकांच्या! म्हणजे त्या दिवशी जी ऊसतोडीला गेली, माहेरी गेली किंवा ‘मला काय त्याचं’ म्हणून घरी बसली, तिचं मत आपोआप दुकानदाराच्या पारड्यात पडतं. म्हणून आधी मतदारयादी हातात घ्या, परगावी असलेल्यांना निरोप धाडा. नियमांत वेळोवेळी बदल होतात, तेव्हा अर्ज करण्याआधी राज्य उत्पादन शुल्क खात्यात विचारून घ्या. आणि दुकान बंद झालं की चोरटी विक्री सुरू होते, तिच्यावर डोळा ठेवण्याचं काम तिथून पुढं सुरू होतं.

दुकान बंद झालं तरी घरातलं व्यसन उरतंच. ते आजारपण आहे, त्याला उपचार लागतात. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, पुण्यात 1986पासून ‘मुक्तांगण’ आहे. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, झटकेही येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानंच सोडवा. आणि हो, ‘नवऱ्याला न कळत भाजीतून द्या’ अशा पुड्यांच्या जाहिरातींना भुलू नका. त्यात काय घातलंय ते तुम्हाला कळत नाही, आणि दारू सोडवण्याची काही औषधं वर दारू पोटात गेली तर जिवावर बेततात.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हळदीकुंकवाबरोबर एक रिकामी बाटलीही मधे ठेवा. तिच्यावरचं लेबल मोठ्यानं वाचा, टक्क्यांचा हिशेब मांडा, महिन्याला किती रुपये त्यात गेले तेही वहीत लिहा. लेकीसाठी स्थळ बघताना कुणी ‘तो फक्त इंग्लिश घेतो’ असं कौतुकानं सांगितलं, तर त्या कौतुकाची किंमत काय, ते मग आपल्याला नेमकं सांगता येईल.