कानात येणारे आवाज : सोंग नव्हे, मेंदूचा आजार

“आवाजबिवाज काही नसतं. कामं टाळायची सोंगं आहेत सगळी!” स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाबद्दल हे वाक्य चांगली शिकलेली माणसंही बिनदिक्कत बोलतात. ते ऐकून चीड येते, कारण अशा बोलण्यानेच उपचार लांबतात.

गैरसमज : रुग्ण आवाज ऐकल्याचं नाटक करतो.

वस्तुस्थिती : तो आवाज खरोखर ऐकतो. टॉमस डीर्क्स आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा ‘न्यूरॉन’मधला अभ्यास पाहा. तीन रुग्ण मेंदूचा कुठला भाग सक्रिय आहे हे दाखवणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपलेले. आवाज कधी सुरू झाला, कधी थांबला हे त्यांनी बटणाने कळवायचं. आवाज चालू असताना त्यांच्या मेंदूतला हेशल वळीचा भाग सक्रिय झाला. कानांवर पडलेला बाहेरचा आवाज मेंदूच्या पृष्ठभागात सर्वप्रथम याच भागात पोचतो. आता हे सोंग कसं वठवणार?

सगळ्याच अभ्यासांत हा भाग सक्रिय दिसला नाही, हेही खरं. पण बोलण्याची जुळवाजुळव करणारं ब्रोका क्षेत्र वारंवार दिसलं. मॅग्वायर यांच्या गटाने १९९३ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये तसं मांडलं होतं. म्हणजे कुणा न दिसणाऱ्या माणसाचं नव्हे, मेंदूचं स्वतःचंच बोलणं चालू असतं. आपण बोलतो तेव्हा ‘हे माझंच’ अशी आगाऊ वर्दी श्रवणकेंद्राला मिळते आणि त्याचा प्रतिसाद मंदावतो. स्किझोफ्रेनियात तो तेवढा मंदावत नाही, असं ज्युडिथ फोर्ड आणि डॅनियल मॅथलॉन यांच्या प्रयोगांत आढळलं. ही वर्दी चुकली की मनातलं बोलणं परक्याचं वाटतं, हे आजचं एक प्रमुख स्पष्टीकरण. अशा माणसाला “लक्ष देऊ नकोस” म्हणून काय साधणार?

गैरसमज : आवाज आले म्हणजे वेड लागलं.
वस्तुस्थिती : आवाज शोकातही येऊ शकतात. वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांपैकी सुमारे १३ टक्क्यांनी दिवंगत जोडीदाराचा आवाज ऐकल्याचं सांगितलं होतं (डेवी रीस, १९७१).

गैरसमज : ही बाहेरची बाधा.
वस्तुस्थिती : डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा परिणाम रोखणाऱ्या औषधांनी बहुतेकांचे आवाज कमी होतात; देवऋषीकडच्या खेपांत मोलाचा काळ वाया जातो.

गैरसमज : असा माणूस हिंसकच.
वस्तुस्थिती : बहुतेक रुग्ण कुणालाही इजा करत नाहीत. मात्र आवाज जिवाचं बरंवाईट करायला सांगत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रुग्णाशी वाद घालू नका. “तुला ऐकू येतंय, मला येत नाही, आपण डॉक्टरांना विचारू,” एवढं म्हणा आणि सोबत जा. सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा.