पन्नाशी गाठू न शकणाऱ्या मोटारी

३० ऑक्टोबर २०२३ पासून प्रीमियर पद्मिनी ही काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे नाहीशी झाली. या जातीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. मुंबईतील टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची. तेव्हा हिशेब सरळ होता. निदान एक गाडी तरी जतन करावी, ही टॅक्सीचालकांच्या संघटनेची मागणी निष्फळ ठरली. चार दिवस हळहळ छापून आली आणि प्रश्न मिटला असे सर्वांनी धरले. वास्तविक तो तेथून सुरू व्हावयास हवा होता.

जुन्या मोटारींसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. पहिल्या विक्रीपासून ५० वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि धंद्यासाठी न वापरले जाणारे वाहन त्यांनुसार ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये. अशी गाडी रस्त्यावर आणावयाची ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यांसाठीच. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसला हे मानवेल. वर्षातून एकदा मिरवणे हेच तिचे काम!

परंतु सामान्यांच्या गाडीचे काय? खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. म्हणजे पन्नाशी गाठण्यापूर्वी सात वेळा कार्यालयाची पायरी चढणे आले. नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले. २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १० हजार झाले. या ३५ वर्षांच्या काळात जुन्या गाडीला कायद्याच्या लेखी काडीची किंमत नाही. ती भंगारात जावी, हीच अपेक्षा.

पद्मिनी ही मुळात इटलीच्या फियाट ११०० ची भारतीय आवृत्ती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने ती बनविली. इंजिन १०८९ सीसीचे आणि गिअरचा दांडा, निदान जुन्या गाड्यांत, स्टिअरिंगलाच जोडलेला. मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या मध्यमवर्गाचे हे वाहन. त्यात ऐषाराम नव्हता आणि कोणी त्याची अपेक्षाही केली नाही. थंडीच्या सकाळी चोक ओढून इंजिन जागे करणे, क्लच आणि गिअर यांचा मेळ हाताच्या सवयीने साधणे, घाटात तापमानाच्या काट्यावर नजर ठेवणे, हे ज्ञान पुस्तकात सापडत नाही. ते चालविणाऱ्याच्या हातात आणि कार्बुरेटर खोलून बसवू शकणाऱ्या मिस्त्रीच्या बोटांत असते. गाडी उभी राहिली की दोन्ही नाहीसे होते. म्हणूनच मोटारीचे हौशी लोक ती चालवू देण्याचा आग्रह धरतात. त्याला श्रीमंतांचा छंद म्हणून हिणविणे सोपे आहे. पद्मिनी सांभाळणाऱ्यांना मात्र ते लागू पडत नाही.

जुनी इंजिने अधिक धूर ओकतात, हा आक्षेप खरा आहे आणि दिवसभर धावणाऱ्या टॅक्सीच्या बाबतीत तो निर्णायकच मानला पाहिजे. परंतु रविवारी बाहेर पडणाऱ्या एखाद्या गाडीला तोच न्याय लावणे हा आळशीपणा झाला. जर्मनीने १९९७ मध्ये ३० वर्षांवरील मोटारींसाठी ‘एच’ अक्षराची खास पाटी सुरू केली. गाडी मूळ स्वरूपात आणि सुस्थितीत असल्याची तज्ज्ञाकडून तपासणी होते. त्यानंतर ती रोज चालविण्यासही मज्जाव नाही. ब्रिटनमध्ये ४० वर्षांपुढील गाडीला वाहनकर माफ आहे. अटी तपासणीच्या असाव्यात, कोंडून ठेवण्याच्या नव्हेत, एवढी साधी गोष्ट आपल्या नियमकर्त्यांना सुचू नये याचे नवल वाटते.

१९९५ मध्ये विकलेली पद्मिनी जर्मन हिशेबाने २०२५ मध्येच ऐतिहासिक दर्जास पात्र झाली असती. भारतीय नियमानुसार तिला २०४५ पर्यंत थांबावे लागेल आणि तो दर्जा मिळाल्यावर तिने प्रदर्शनापुरतेच बाहेर पडावयाचे आहे.